क्रूझ निघण्याच्या आदल्या रात्री स्वस्तात कुठे राहावं?

आदल्या दिवशी पोहोचायचं ठरवलंत हे उत्तम. चेक-इन साधारणपणे जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं आणि उशिरा आलेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही.

हॉटेल शोधण्याआधी तिकिटावरचं टर्मिनल बघा. जाहिरातीतलं शहर आणि खरं बंदर यांत बरंच अंतर असू शकतं: रोमची जहाजं सुटतात सुमारे ७० किलोमीटरवरच्या चिविटावेक्कियाहून, आणि ‘लंडन’ म्हणून विकलेली बरीचशी साउथहॅम्प्टनहून, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर. शहरातली स्वस्त खोली अशा वेळी टॅक्सीत महाग पडते.

बंदर विमानतळाच्या जवळ असेल तर विमानतळाजवळची हॉटेलं बहुधा स्वस्त पडतात. मात्र ‘मोफत शटल’ बहुतेकदा फक्त विमानतळापुरतं असतं. बंदरापर्यंतचे पैसे वेगळे, तेही माणशी. तिघं-चौघं असाल तर टॅक्सीच परवडते. म्हणून तुलना करताना खोली, कर, नाश्ता आणि बंदरापर्यंतचा खर्च एकत्र धरा. स्वतःची गाडी नेणार असाल तर क्रूझभर पार्किंग देणारं हॉटेल बघा, पण किती दिवसांचं ते लेखी घ्या.

रद्द करता येणारी खोली लवकर धरून ठेवा, भाव उतरला की बदला. एकाच दिवशी तीन-चार जहाजं सुटणार असतील तर शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल ही आशा सोडा. चेकआउट अकराला आणि बोर्डिंग दुपारी असेल, तर सामान ठेवून घेतात का तेही विचारा.