पुठ्ठा, कात्री आणि क्ष : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माध्यमिक वर्गांत गणिताच्या कृती घेणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : अवयव पाडण्यासाठी पुठ्ठ्याचे तुकडे करून दिले. मुले क्षची पट्टी एकक चौरसांनी मोजतात आणि ‘क्ष म्हणजे 4’ असे सांगून मोकळी होतात. ऋण पदे आली की तर सगळी मांडणीच अडते. काय चुकते?

पहिली चूक मुलांची नाही, मापांची आहे. एकक चौरस 2 सेंमीचा आणि पट्टी 8 सेंमी लांब असेल तर चार चौरस तिच्यावर नेमके बसणारच. पट्टीची लांबी एककाच्या पूर्ण पटीत येऊ देऊ नका. एकक (म्हणजे 1) 2 × 2 सेंमी, पट्टी (म्हणजे क्ष) 7.3 × 2 सेंमी आणि मोठा चौरस (म्हणजे क्ष²) 7.3 × 7.3 सेंमी घ्या. मग तीन चौरस लावले की पट्टी उरते आणि चौथा लावला की बाहेर येतो. चार मुलांच्या गटाला 2 मोठे चौरस, 10 पट्ट्या आणि 16 एकक पुरतात. प्रत्येक तुकड्याची एक बाजू रंगवा आणि दुसरी कोरी ठेवा. कोरी बाजू म्हणजे ऋण.

कापताना एकेक तुकडा आखू नका. संपूर्ण पुठ्ठ्यावर 2 सेंमी अंतराने रेषा मारून आधी लांब पट्ट्या कापा, मग त्यांचेच तुकडे करा. प्रत्येक पट्टी 1 मिमी जास्त रुंद कापली गेली, तर पाच पट्ट्यांमागे 5 मिमीचा फरक पडतो. मग कोपऱ्यातले एकक पट्ट्यांशी जुळत नाहीत, आणि उत्तर बरोबर असूनही मुलांना ते चुकल्यासारखे वाटते.

क्ष² + 5क्ष + 6 पासून सुरुवात करा. मोठा चौरस वर डावीकडे, त्याच्या उजवीकडे उभ्या पट्ट्या, खाली आडव्या पट्ट्या आणि उरलेल्या कोपऱ्यात एकक, एवढाच नियम. बहुतेक गट आधी उजवीकडे 4 आणि खाली 1 पट्टी लावून पाहतील. कोपऱ्यात 4 एकक मावतात, 2 हातात राहतात. इथे घाई करून उत्तर सांगू नका. 3 आणि 2 लावल्यावर सहाही एकक बसतात आणि बाजू क्ष + 3, क्ष + 2 अशा वाचता येतात. बेरीज 5 आणि गुणाकार 6 असाच का हवा, हे मुलांना पहिल्या फसलेल्या मांडणीतून कळते. मग क्ष² + 3क्ष + 3 द्या. याचा आयत होतच नाही, आणि पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडत नाहीत म्हणजे काय, ते तिथे दिसते.

ऋण पदांसाठी क्ष² − क्ष − 6 घेऊ. हातात एक मोठा चौरस, एक कोरी पट्टी आणि सहा कोरे एकक आहेत. एका पट्टीने आयत होणार नाही. इथे शून्य जोडी आणावी लागते. एक रंगीत आणि एक कोरी पट्टी एकत्र ठेवली तर राशी बदलत नाही. पण किती जोड्या? कोपऱ्याकडून विचार करायला लावा. सहा एकक 1 × 6 किंवा 2 × 3 असे मांडता येतात. ते कोरे आहेत, म्हणून त्यांच्या एका बाजूच्या पट्ट्या रंगीत आणि दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या हव्यात. 1 आणि 6 मधला फरक 5, तो चालत नाही. 2 आणि 3 मधला फरक 1, तोच हवा. आणि कोऱ्या पट्ट्या एकने जास्त हव्यात. म्हणून दोन जोड्या घालायच्या : 2 रंगीत, 3 कोऱ्या. अवयव (क्ष + 2)(क्ष − 3). फळ्यावर आपण मधले पद फोडतो ते हेच, हे त्याच क्षणी शेजारी लिहून दाखवा.

प्रश्न : वर्ग पूर्ण करण्याची रीत याच तुकड्यांनी दाखवता येईल का?

हो, ही रीत मुळात आकृतीतूनच आलेली आहे. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने क्ष² + 10क्ष = 39 हे समीकरण चौरस आखून सोडवले. मोठ्या चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना पाच-पाच पट्ट्या लावा. कोपऱ्यात 25 एककांची जागा रिकामी राहते (कमी पडले तर शेजारच्या गटाकडून घ्या). ती भरली की चौरसाचे क्षेत्रफळ 39 + 25 = 64, बाजू 8, म्हणून क्ष + 5 = 8 आणि क्ष = 3. दुसरे मूळ −13 पुठ्ठ्यात दिसत नाही, कारण लांबी ऋण नसते. तिथे तुकडे बाजूला ठेवून (क्ष + 5)² = 64 वर या.

प्रश्न : पायथागोरसच्या प्रमेयासाठी 3, 4, 5 बाजूंचा त्रिकोण आणि चौकटींचा कागद वापरतो. मुलांना लगेच पटते. पुरेसे आहे ना?

नाही. 9 + 16 = 25 मोजल्यावर मुलांना एक त्रिकोण कळतो, प्रमेय नाही. शिवाय कर्ण नेहमी पूर्णांकच येतो असा समज होतो, आणि तो पुढे खोडणे फार कठीण जाते.

काटकोनालगतच्या बाजू 5 आणि 9 सेंमी असलेले चार एकरूप त्रिकोण आणि 14 सेंमी बाजूची चौकट घ्या. चारही त्रिकोणांचे काटकोन चौकटीच्या चार कोपऱ्यांत बसवले की मध्ये तिरका चौरस मोकळा राहतो. त्याची बाजू म्हणजे कर्ण. आता तेच त्रिकोण दोन-दोन जोडून 5 × 9 चे दोन आयत करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा. आता 5 आणि 9 बाजूंचे दोन चौरस मोकळे राहतात. चौकट तीच आणि त्रिकोण तेच, म्हणून मोकळी जागाही तेवढीच. आकड्यांनी पाहिले तर 196 − 90 = 106 = 25 + 81. कर्ण √106, म्हणजे सुमारे 10.3 सेंमी.

मधली आकृती खरोखर चौरस आहे का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. त्रिकोणाच्या दोन लघुकोनांची बेरीज 90 अंश, म्हणून सरळ रेषेवर उरलेला कोन 90 अंश. इतके मुलांकडून आले तर कृतीची सिद्धता झाली.

प्रश्न : त्रिकोणाचे कोपरे फाडून सरळ रेषेवर लावतो. याहून चांगले काही?

फाडलेले कोपरे 178 अंश झाले तरी डोळ्यांना सरळच दिसतात. कागद घडी करून एकदम तीन एकरूप त्रिकोण कापा. कोनांना तिन्हींवर सारखी नावे द्या. दोन त्रिकोण एका रेषेवर शेजारी-शेजारी आणि तिसरा उलटा करून मधल्या खाचेत बसवा. तिसऱ्याची वरची बाजू पायाला समांतर जाते, आणि समांतर रेषा व व्युत्क्रम कोन घेऊन केलेल्या सिद्धतेची आकृती आयती समोर येते.

प्रश्न : जमिनीवर आरसा ठेवून, त्यात भिंतीचा माथा पाहून भिंतीची उंची काढायला सांगितली. एकाच भिंतीची उंची गटागणिक 4.6 पासून 7 मीटरपर्यंत आली. समरूपता शिकवायची की चुकांची यादी करायची?

दोन्ही, कारण या चुकाच समरूपतेच्या अटी सांगतात. सूत्र साधे आहे : डोळ्यांची उंची × आरसा ते भिंत ÷ आरसा ते पाय. डोळे 1.4 मीटर, अंतरे 8 आणि 2 मीटर असतील तर 5.6 मीटर.

उंची डोळ्यांपर्यंत मोजा, डोक्यापर्यंत नाही. आरशाच्या मध्यभागी खूण करा, भिंतीचा माथा त्या खुणेवर दिसला पाहिजे आणि दोन्ही अंतरे खुणेपासून मोजली पाहिजेत. पाय आरशाच्या फार जवळ नकोत. आरसा भिंतीपासून 2 मीटर आणि पाय आरशापासून 50 सेंमीवर असतील, तर मोजताना 5 सेंमी जास्त धरल्यास उत्तर 5.1 येते आणि कमी धरल्यास 6.2. तेच आरसा भिंतीपासून 8 मीटरवर ठेवून आणि आरशापासून 2 मीटरवर उभे राहून चुकले तर 5.5 ते 5.7 एवढाच फरक पडतो.

सर्वांत मोठी चूक डोळ्यांना दिसत नाही. आरसा 1 अंशाने कलला की परावर्तित किरण 2 अंशांनी वळतो. 8 आणि 2 मीटरच्या उदाहरणात किरणाचा जमिनीशी कोन 35 अंशांच्या जागी 37 अंश होतो आणि 5.6 मीटरची भिंत 6 मीटरची ठरते. आरसा 10 सेंमी रुंद असेल, तर 1 अंशाच्या कलासाठी कडेखाली पावणेदोन मिमीचा खडा पुरतो. म्हणून खडबडीत जागेवर आरसा नकोच. काळ्या तळाचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवा आणि खुणेसाठी काठावर मधोमध एक काडी आडवी ठेवा. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी समपातळीत असतो. वाऱ्याने तरंग उठले तर मात्र थांबावे लागते.

प्रश्न : तास 35 मिनिटांचा, मुले पुष्कळ. कापाकापीतच वेळ जातो.

कापणे तासात नकोच, तुकडे आदल्या दिवशी पाकिटांत भरून मोजून ठेवा. सूचनांना 5 मिनिटे, हाताळायला 15, आणि मग तुकडे परत पाकिटात. उरलेला वेळ वहीसाठी : एकाखाली एक मांडणीचे चित्र, अवयवांचा गुणाकार आणि मूळ राशी. दुसऱ्या दिवशी तुकडे न देता फक्त चित्र काढायला सांगा, तिसऱ्या दिवशी चार घरांची रिकामी चौकट द्या आणि तिच्यात फक्त पदे लिहू द्या. जो विद्यार्थी अडेल त्याच्या हातात पाकीट पुन्हा द्यायला संकोच करू नका.