मोबाईलचे लोकेशन पाहून औषधाची मात्रा ठरवू नका: द्राक्ष बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तर

फळछाटणीच्या तोंडावर निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागायतदारांनी तीन प्रश्न विचारले आहेत: मोबाईल हातात धरून बांधावरून फिरून मोजलेले क्षेत्र औषधाच्या हिशेबाला चालेल का, उपग्रहाच्या नकाशात बाग लाल, म्हणजे अशक्त, दिसली तर काय मारावे, आणि ड्रोनने फवारणी करावी का.

मोबाईलवरचे क्षेत्र मात्रेसाठी अजिबात धरू नये. साध्या फोनचे लोकेशन, मग तो जीपीएस वापरत असो वा ‘नाविक’ ही आपली भारतीय उपग्रह प्रणाली, उघड्या आकाशाखालीही चार-पाच मीटर सरकते आणि वेलींच्या मांडवाखाली त्याहून अधिक. मोठ्या रानात हा फरक खपून जातो, लहान प्लॉटमध्ये खपत नाही. ४५ मीटर बाजूचा चौरस प्लॉट म्हणजे २० गुंठे. फोनने प्रत्येक कड दोनच मीटर बाहेर धरली, तर तोच प्लॉट जवळपास २४ गुंठ्यांचा दिसतो आणि दुकानदार २४ गुंठ्यांचे औषध बांधून देतो. कोवळी फूट करपते आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडतो, तेव्हा तो दुकानदार बागेत येत नाही. त्यापेक्षा झाडांच्या जागा मोजाव्यात. लागवड ९ बाय ५ फुटांवर असेल, तर एकरी ९६८ जागा बसतात, म्हणजे ४८४ जागांचा प्लॉट २० गुंठ्यांचा. तुटाळ, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागाही, मोजणीत धरावी. त्यानंतर ब्लोअरची (हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राची) एक फेरी निव्वळ पाण्याची करून एकरी किती पाणी लागते ते पाहावे. मगच औषधाच्या बाटलीला हात लावावा.

उपग्रहाच्या नकाशाबाबत घाई नको. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाजूचा असतो, म्हणजे साधारण एक गुंठा. त्यात चोवीसेक झाडे, ओळींमधली मोकळी माती आणि तण हे सारे एकत्र येते. छाटणीनंतर वेल उघडे पडल्यावर असा नकाशा बाग अशक्त दाखवणारच, तो रोग नव्हे. हाच लाल डाग दाखवून कोणी टॉनिक किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डोस गळ्यात मारत असेल, तर घेऊ नये. लोकेशनचा खरा उपयोग त्या डागापर्यंत चालत जाण्यासाठी आहे: तेथे ड्रिपर चोंदले आहेत का ते पाहावे, मुळी उकरून सूत्रकृमीच्या गाठी शोधाव्यात आणि गरज वाटल्यास देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) करावे. ‘तुमच्या लोकेशनवर डाऊनीचा धोका, आजच फवारा’ असे डाऊनी या बुरशीजन्य रोगाबाबतचे दुकानाचे संदेश येतात, त्यांनाही हेच लागू आहे. मोबाईलवरचा अंदाज काही किलोमीटरच्या पट्ट्याचा असतो. आपल्या बागेत पहाटे दव किती पडले आणि पान किती वेळ ओले राहिले, हे स्वतः पाहून वेळ ठरवावी. संदेश आला म्हणून फवारणी करू नये, पुन्हा सांगतो, करू नये.

ड्रोनला आरटीके (लोकेशनची चूक जागेवरच दुरुस्त करणारी यंत्रणा) जोडलेले असेल, तर तो काही सेंटीमीटरच्या अचूकतेने ओळ धरतो, हे खरे. परंतु अचूक जागा म्हणजे अचूक मात्रा नव्हे. ड्रोन एकरी दहाएक लिटर पाण्यात काम करतो. पाणी कमी आहे म्हणून एकरी औषध वाढवण्याचा सल्ला दिला जातो, तो धोक्याचा आहे. लेबलवरील एकरी मात्रा कोणत्याही कारणाने ओलांडू नये. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूने वाढते आणि वरून पडणारा फवारा तेथे पुरेसा पोहोचत नाही, म्हणून मांडवाच्या बागेसाठी मी ब्लोअरचीच शिफारस करतो. सोयाबीन किंवा मक्यासाठी ड्रोन जरूर वापरावा. ओझर विमानतळ आणि देवळाली परिसरात उड्डाणापूर्वी चालकाकडून डिजिटल स्काय हा ड्रोन कोठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा तपासून घ्यावा.

ड्रोनच्या अनुदानाची माहिती महाडीबीटी पोर्टलवर पाहावी. ई-पीक पाहणी आणि फळपीक विम्यासाठी लागणारा फोटो मात्र लोकेशन चालू ठेवून, प्रत्यक्ष आपल्या गटात उभे राहूनच काढावा. हे काम दुकानदारावर सोपवू नये.