शब्द येतात, पण संवाद होतो का?

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. बडबडगीते पाठ म्हणतो, पण हाक मारल्यास वळून पाहत नाही. प्लेग्रुपच्या बाईंनी स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी सुचवली आहे. घरच्यांना ती अनावश्यक वाटते. तपासणीत नेमके काय पाहतात?

उत्तर : बाईंचे ऐकावे. मुलाला शब्द किती येतात यापेक्षा तो ते कोणाशी आणि कशासाठी वापरतो, याला तपासणीत अधिक महत्त्व असते. तज्ज्ञ साबणाचे फुगे सोडतात, मग बाटलीचे झाकण घट्ट लावून ती मुलाच्या हाती देतात आणि थांबतात. मूल बाटली पुढे करून समोरच्याच्या डोळ्यांत पाहते, की त्याचा हात धरून नुसता झाकणावर नेऊन ठेवते, यावरून बरेच कळते. काही मागण्यासाठी नव्हे, तर केवळ ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवणे हीदेखील संवाद साधत असल्याची मोठी खूण आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ ही २० प्रश्नांची चाचणी पालकांकडून भरून घेतात. ती प्राथमिक चाळणी असते, निदान नव्हे. गाणी येत असली तरी श्रवणतपासणी मात्र टाळू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही सोय विनामूल्य मिळते.