रात्री साडेअकराचे निर्णय

माई, माझं वय ४१. सांगलीत एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. येत्या मे महिन्यात जी.डी.सी. अँड ए.ची, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची परीक्षा द्यायची आहे. सकाळी डबे, पाणी, पूजा यात साडेनऊ वाजतात, म्हणून रात्री दहाला पुस्तक घेऊन बसते. पंधरा मिनिटांत पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चाललं की थांबतं, बसलं की पुन्हा सुरू. डॉक्टरांनी ‘रेस्टलेस लेग्ज’ सांगितलं. हिमोग्लोबिन १२.२ आहे, काळजी नको म्हणाले. पण मला काळजी डोक्याची आहे. सकाळी ऑफिसात ताळेबंदातली चूक सगळ्यांच्या आधी मला दिसते आणि रात्री एक कलम चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. रात्री साडेअकराला ठरवते, परीक्षा द्यायची नाही. सकाळी ठरवते, द्यायची. परवा रात्री एक वाजता नणंदेला गावच्या घराच्या वाटणीवरून लांबलचक मेसेज पाठवला आणि सकाळी वाचून मलाच लाज वाटली. सासूबाई म्हणतात, पाय हलवणं अवलक्षण. माझं डोकं कामातून चाललंय का? खरी मी कोणती, सकाळची की रात्रीची?
– वळवळे पाय, सांगली

अगं, डोकं कामातून गेलेल्या बाईला ताळेबंदातली चूक दिसत नाही. तुझं बिघडतं ते घड्याळ बघून बिघडतं आणि सकाळ झाली की ताळ्यावर येतं. ती या दुखण्याची खूणच आहे. दिवेलागणीनंतर वाढायचं, मध्यरात्रीच्या आगेमागे कळस गाठायचा, पहाटेनंतर ओसरायचं.

सासूबाईंना सांग, थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी हे दुखणं १६७२ साली लिहून ठेवलंय, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही दोन वर्षं आधी. १९४५ साली स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याचा नीट अभ्यास करून त्याला आजचं नाव दिलं. लक्ष्मी वगैरे जात नाही. झोप तेवढी जाते.

असं का होतं? हालचालींचा ताळमेळ राखणारं डोपामीन मेंदूत तयार व्हायला लोह लागतं. या आजारात मेंदूच्या काही भागांत हे लोहच कमी पडतं. त्यात डोपामीनचा जोर रात्री तसाही उतरलेला असतो. म्हणजे तू पुस्तक उघडतेस ती नेमकी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, आणि बसतेसही स्थिर, जे पायांना अजिबात चालत नाही.

कलम डोक्यात शिरत नाही, कारण तेव्हा तू दोन कामं करत असतेस. एक वाचायचं आणि दुसरं पाय आवरून धरायचं. ‘आता उठू की ओळ संपवू’ हा निकाल दर मिनिटाला लावताना तुझं निम्मं लक्ष खर्ची पडतं. उरलेल्या निम्म्यात सहकार कायदा कसा मावणार? तो पूर्ण लक्ष दिलं तरी रुक्षच आहे.

मेसेजचं मात्र वेगळं आहे. अपुऱ्या झोपेने माणूस दिवसा पेंगतो, पण या दुखण्याचे लोक झोपेच्या मानाने फारसे पेंगत नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००८ साली असे रुग्ण आणि मुद्दाम कमी झोपू दिलेली निरोगी माणसं यांची तुलना केली. पटापट शब्द आठवून सांगायच्या चाचणीत रुग्णच सरस ठरले. त्यांचा मेंदू जणू जास्तच जागा असतो. मला वाटतं, तुझं रात्री एक वाजता तेच होतं. अंगात जोर असतो, शब्द भराभर सुचतात, फक्त ‘हे पाठवू का?’ विचारणारी तू थकलेली असतेस. तेव्हा खरी कोणती हा प्रश्न सोड. दोघीही तूच. सहीचा अधिकार मात्र सकाळचीकडे ठेव. रात्री दहानंतर परीक्षा, वाटणी, नोकरी यातलं काहीही ठरवायचं नाही. सुचलं तर वहीत लिही, फोनवर नको. नणंदेला रविवारी नाश्ता झाल्यावर फोन कर आणि सांग, मुद्दा माझाच आहे, पण भाषा चुकली.

आता अभ्यास. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य पायांचं नाही, ‘डबे, पाणी, पूजा यात साडेनऊ वाजतात’ हे आहे. म्हणजे डोक्याचे सगळ्यात चांगले तास पोळ्या लाटण्यात जातात आणि अभ्यासाला उरते ती रात्र. मेपर्यंत पोळ्यांना बाई लावा. परवडत नसेल तर मिस्टरांनी कुकर लावावा, पाणी भरावं. पूजेला सासूबाई आहेतच. हे बोलणंही सकाळीच काढ, रात्री काढलंस तर भांडण होईल. सात ते नऊ हे दोन तास तुझे. त्या वेळात कायदा, थिअरी, जे पाठ करायचं ते सगळं.

पण पहाटे चारला उठ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. ब्राह्ममुहूर्त इतरांना लखलाभ. रात्रभर येरझाऱ्या घातल्यावर तुझा खरा डोळा लागतो तो तेव्हाच. तीच झोप मोडलीस तर सकाळही हातची जाईल.

रात्री बसायचंच असेल तर बसू नकोस. ओट्याशी उभी राहा आणि हिशोबाची उदाहरणं सोडव, जमेल तशी पायांची जागा बदलत. गंमत अशी की डोकं खरोखर गुंतलं की पाय बरेच गप्प राहतात. पत्ते, शब्दकोडं, तावातावाचा वाद यांनी आराम पडतो, असं या दुखण्याचे कितीतरी लोक सांगतात. वाद तेवढा टाळ. न जुळणारा ताळेबंद चालेल, तुला तर चालेलच.

पुढचं डॉक्टरांकडचं. हिमोग्लोबिन म्हणजे गल्ल्यातली रोकड, फेरिटिन म्हणजे लोहाची बँकेतली शिल्लक. रोकड ठीक असूनही खातं रिकामं असू शकतं, हे तुला मी काय सांगणार! फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहकावर किती लोह चढलंय ते) या दोन तपासण्या सकाळी उपाशीपोटी करून घे. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नको. लॅबच्या कागदावर फेरिटिन २०-२५ आलं तरी शेजारी ‘नॉर्मल’ छापलेलं असेल. या दुखण्यात ते ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही सांग, आपण बायका ते ‘चालायचंच’ म्हणून गिळतो. मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस, जास्तीचं लोह शरीरात साठून राहतं. जेवणाला लागून चहा मात्र आजपासून बंद. त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि संध्याकाळचा चहा-कॉफी तर पायांनाही चाळवते.

कुणी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, म्हणजे डोपामीनसारखं काम करणाऱ्या गोळ्या, लिहून दिल्या तर दुसरा पर्याय आहे का ते विचार. सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटतं, पण पुढे काहींची वळवळ रात्री दहाऐवजी दुपारी चारलाच सुरू होते, कधी हातांतही येते. म्हणून जाणकार डॉक्टर आता ही औषधं सहसा पहिल्यांदा देत नाहीत. लोह भरून काढणं, गाबापेंटिन, प्रेगाबालिन यांचा विचार आधी करतात. प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल आधीपासून चालू असतील आणि खरेदीचा किंवा पैसे लावायचा नाद लागल्यासारखं वाटलं तर लाजू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग. तो या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. आणि मनाने एकदम बंदही करू नकोस.

सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी हे दुखणं वाढू शकतं. यातलं काही चालू असेल तर वेष्टनासकट पिशवीत टाक आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या टेबलावर ठेव.