ठाण्यात आजीच्या डब्यात सापडलेले पंचम जॉर्जचे रुपये खऱ्या चांदीचे आहेत का, हे नाणी न घासता कसे ओळखावे?

सर्वप्रथम वजन करावे. या रुपयाचे मूळ वजन 11.66 ग्रॅम असून त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी असते. वापराने झिजलेले नाणे किंचित हलके भरते. चुंबकाला नाणे चिकटले तर ते चांदीचे नाही, परंतु तांबे, पितळ आणि शिसेही चिकटत नसल्याने केवळ त्यावर विसंबू नये.

खरी भरवशाची कसोटी पाण्याची आहे. पाण्याचा पेला दशांश ग्रॅमपेक्षा सूक्ष्म मोजणाऱ्या काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागल्यास त्याची घनता मिळते. ती 10.3 च्या आसपास यायला हवी. चांदीचा मुलामा दिलेले तांबे 9 च्या जवळपास राहते. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नाही, एवढे मात्र नक्की पाहावे.

तरीही शंका उरल्यास ठाण्यातील सराफाकडे क्ष-किरण यंत्रावर तपासणी करून मिळते का, हे विचारावे. कसोटीच्या दगडावर घासण्यास किंवा आम्ल लावण्यास स्पष्ट नकार द्यावा. आणि कृपया, नाणी चिंचेने उजळवू नका. त्यांवरचा जुना काळपटपणा संग्राहकांना मोलाचा वाटतो.