शेवटची पंगत आणि विश्वचषकाचे पैसे

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आपल्याकडे लग्नाकार्यात बायका शेवटच्या पंगतीला का बसायच्या? मराठी लोक बायकांना कमी लेखतात का?" विचारलंस ते बरं केलंस. रांधणं, वाढणं, उष्टी काढणं सगळं बायकांकडे, म्हणून त्यांचं पान शेवटी. तोवर जिलब्यांची परात रिकामी झालेली असायची. ही रीत वाईटच होती, आणि रीत म्हणून कुणी तिची बाजू घेतली तर तू ऐकून घेऊ नकोस.

पण हे फक्त आपल्यातच होतं असं समजू नकोस. तुझ्या आवडत्या फुटबॉलमध्येच बघ. 2018 चा पुरुषांचा विश्वचषक जिंकल्यावर फ्रान्सच्या महासंघाला फिफाकडून, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडून, 3 कोटी 80 लाख डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मुली जगज्जेत्या झाल्या, तर त्यांच्या महासंघाच्या हाती पडले 40 लाख.

"बायकांचा खेळ बघायला येतं कोण?" असं लोक म्हणतात तेव्हा माझं डोकं तापतं. 1920 साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या कारखान्यातल्या बायकांच्या संघाचा सामना बघायला 53 हजार माणसं आली होती. वर्ष उलटायच्या आत इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं ठरवून क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. आधी दाराला कुलूप घालायचं आणि मग गर्दी कुठाय म्हणून विचारायचं!

2019 च्या महिला दिनी अमेरिकेच्या महिला संघातल्या 28 खेळाडूंनी पुरुषांइतकंच वेतन मिळावं म्हणून आपल्याच महासंघावर खटला भरला. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी वेतनाचा दावा फेटाळला, तरी त्या हटल्या नाहीत. 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षीच्या करारात विश्वचषकाचं बक्षीस पुरुष आणि महिला संघांनी एकत्र करून सारखं वाटून घ्यायचं ठरलं. म्हणजे पुरुषांना आपल्या वाट्यातलं सोडावं लागलं, आणि ते त्यांनी सोडलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

फिफाच्या बक्षिसांत मात्र अजून अंतर आहे: सगळ्या संघांची मिळून 2022 ला पुरुषांसाठी 44 कोटी डॉलर, 2023 ला महिलांसाठी 11 कोटी. एका देशातल्या खेळाडूंनी आपापसात वाटून हे भरून निघणार नाही, ते फिफालाच करावं लागेल.

तुझी,
आई