कातडीखालचा तुकडा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. सडपातळ तरुण मधुमेहींच्या रक्तात सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन तयार होताना त्याच्याबरोबरच रक्तात येणारा आणि शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारा तुकडा, कमी सापडलं, म्हणजे त्यांचं स्वादुपिंड मुळातच दुबळं, असं तू लिहिलं आहेस. खरंही असेल. पण नियतकालिकाकडे पाठवायची घाई करू नकोस. आधी ऑस्कर मिंकोव्स्कीचं काम नीट वाच.

१८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये त्याने आणि योसेफ फॉन मेरिंगने एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. प्रश्न होता चरबीच्या पचनाचा. पण कुत्रा सारखी लघवी करू लागला आणि तपासल्यावर तीत साखर निघाली. एवढी गोष्ट सगळे सांगतात. त्याने पुढे काय केलं ते मात्र फारसं कोणी शिकवत नाही, आणि माझ्या मते खरा मोठेपणा तिथेच आहे.

स्वादुपिंड खोल असतं, त्याच्यामागे मज्जातंतूंचं दाट जाळं. शस्त्रक्रियेत त्यालाच इजा झाली, किंवा पाचकरस बंद झाल्यामुळे साखर आली, असं कोणीही म्हणू शकलं असतं. मिंकोव्स्कीने ग्रंथीचा एक तुकडा पोटाच्या कातडीखाली रुजवला आणि मग आतला उरलेला सगळा भाग काढला. पाचकरस आतड्यात जात नव्हता, शस्त्रक्रियेचा धक्का तोच होता, तरी मधुमेह झाला नाही! नंतर पोट न उघडता तो तुकडा काढला, आणि साखर आली. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते, हे आता नाकारणं अवघड होतं. टोरांटोत इन्सुलिन हाती लागायला त्यानंतर तीस वर्षं गेली.

आता तुझं काम. साखर बराच काळ चढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी तिच्यामुळेच थकतात आणि उपचारांनंतर काही अंशी सावरतात. तू पहिल्याच भेटीत रक्त घेतलं असशील, तर तुझं कारण हा परिणामही असू शकतो. म्हणून साखर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांनी त्याच रुग्णांचं सी-पेप्टाइड पुन्हा मोज, उपाशीपोटी आणि जेवणानंतर, आणि शेजारी त्या वेळची साखर लिही. जीएडी प्रतिपिंडं तपास, म्हणजे शरीर स्वतःच बीटा पेशींवर हल्ला करत असल्याची खूण मिळते का ते कळेल. सोनोग्राफीही करून घे, कारण आपल्या देशात, विशेषतः केरळात, स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह झालेले असेच सडपातळ तरुण खूप दिसले आहेत. ते तुझ्या गटात मिसळले असतील, तर आकडे काहीच सांगणार नाहीत.

यात वर्ष जाईल. जाऊ दे, मुदतवाढीचं पत्र मी देईन. येताना नमुन्यांच्या तारखांची वही घेऊन ये.